टीम कशी घडते : शिर्डीच्या प्रसादालयापासून ‘परम’पर्यंत

शिर्डीत वर्षातून तीन मोठे उत्सव होतात : रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमीचा पुण्यतिथी उत्सव. तिन्हींच्या तारखा पंचांगात कितीतरी आधी छापलेल्या असतात. दर्शन, आरती, भक्तनिवासातली खोली आणि देणगी यांची सोय साईबाबा संस्थानाने ऑनलाइन केल्यापासून गर्दी मंदिराच्या दाराशी येण्याआधी संकेतस्थळावर येते. भाविकाच्या हाती पडते ती मोबाइलवरची एक पावती. ती बिनचूक पडावी म्हणून कोणत्याही देवस्थानाला, बँकेला किंवा एसटी महामंडळाला जी माणसे लागतात, त्यांच्या गटाला संगणकाच्या व्यवसायात सरसकट ‘टीम’ म्हणतात. संगणक आणि सॉफ्टवेअर पैसे मोजले की येतात. टीम उभी राहायला वर्षे लागतात. महाराष्ट्रातला गेल्या सत्तर वर्षांचा अनुभव असा आहे, की जिथे ती नीट उभी राहिली तिथे यंत्र भंगारात गेल्यावरही काम थांबले नाही.

अशा टीममध्ये असते तरी कोण? प्रोग्रॅम लिहिणारे डेव्हलपर, तो कुठे मोडतो हे शोधणारे टेस्टर, सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणारे, पडद्यावर काय कुठे दिसावे हे ठरवणारा डिझायनर, कामकाज आतून ओळखणारा एखादा मुरलेला माणूस आणि या सगळ्यांची मोट बांधणारा टीम लीड. यातल्या मुरलेल्या माणसाला बैठकीला बोलवायचे बऱ्याचदा राहून जाते. मध्यान्ह आरती चालू असताना दर्शनाची रांग थांबते, हे मंदिरातल्या कोणत्याही सेवेकऱ्याला ठाऊक असते. पुण्यात किंवा बंगळुरूत बसलेल्या डेव्हलपरला ते कोणी सांगितले नाही, तर तो निवांतपणे दुपारी बाराचीही दर्शनवेळ वाटत बसतो. प्रोग्रॅममध्ये चूक एकही नसते आणि तरी दारात गोंधळ उडतो.

टीम किती मोठी असावी, याचे एक साधे गणित आहे. पाच जणांत एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या १० होतात, दहा जणांत ४५ आणि पन्नास जणांत १२२५. माणसे दहापट झाली की बोलण्याचे काम शंभरपटीहून अधिक वाढते. आयबीएमच्या ‘ओएस/३६०’ या प्रचंड सॉफ्टवेअरचे काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली आपल्या पुस्तकात हा अनुभव मांडला. उशीर झालेल्या कामात नवी माणसे ओतली तर काम आणखी लांबते, असा त्यांचा निष्कर्ष होता. कारण उघड आहे. नव्या माणसाला काम समजावून सांगायला जुनाच माणूस लागतो आणि तेवढा वेळ जुन्याचे काम बंद पडते. हिंजवडीतल्या प्रत्येक प्रोजेक्ट मॅनेजरला हे पाठ असते. तरीही उत्सव पंधरा दिवसांवर आला आणि काम मागे पडले, की “आणखी दहा जण देतो” हेच वाक्य पहिल्यांदा ऐकू येते.

आकाराइतकीच मांडणीही महत्त्वाची असते. मेल्विन कॉनवे या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९६८ साली लिहून ठेवले, की कोणतीही संस्था ज्या पद्धतीने आपसांत बोलते, तिने बनवलेल्या यंत्रणेचा आकारही तसाच होतो. दर्शन विभाग आणि निवास विभाग यांचा आपसांत संवाद नसेल, तर संकेतस्थळही भाविकाकडून नाव, वय आणि ओळखपत्र दोनदा भरून घेते. दोष पडद्यावर दिसतो आणि त्याचे मूळ कार्यालयाच्या दोन मजल्यांत असते. शहाणा प्रमुख अशा वेळी सॉफ्टवेअर बदलायला सांगण्याआधी दोन्ही विभागांची माणसे एका टेबलाशी आणून बसवतो.

पुण्यातली तीन वर्षे

तंत्रज्ञानाची टीम मुळापासून कशी उभी करावी, याचे महाराष्ट्रातले सर्वांत चांगले उदाहरण पुणे विद्यापीठाच्या आवारात घडले. १९८०च्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी आणि संशोधनासाठी महासंगणक हवे होते. त्या काळी या क्षेत्रात अमेरिकेच्या क्रे कंपनीचा दबदबा होता आणि तिच्या यंत्रांच्या निर्यातीवर अमेरिकी सरकारचे नियंत्रण होते. दिल्लीच्या हवामान केंद्राला एक क्रे मिळाला, तोही कडक अटींवर. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवा असलेला अधिक ताकदीचा संगणक मिळालाच नाही. मग भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने मार्च १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन केले आणि त्याची सूत्रे विजय भटकर यांच्याकडे दिली.

भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. अभियांत्रिकीचे शिक्षण नागपुरात, पीएच.डी. दिल्लीच्या आयआयटीतून. सी-डॅकमध्ये येण्याआधी त्यांनी तिरुअनंतपुरमच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन आणि विकास केंद्राचे नेतृत्व केले होते. महासंगणक मात्र त्यांनी बनवला नव्हता, आणि देशात त्या घडीला असा संगणक बनवून बाजारात उतरवलेले दुसरेही कोणी नव्हते. त्यामुळे अनुभवी माणसे शोधण्याचा प्रश्नच निकालात निघाला आणि तरुण अभियंते घेऊन त्यांना कामातच तयार करणे एवढाच मार्ग उरला.

उद्दिष्ट स्पष्ट होते : सेकंदाला सुमारे एक अब्ज गणिते करणारा संगणक, तीन वर्षांत, सुमारे ३० कोटी रुपयांत. टीमच्या दृष्टीने या तीन आकड्यांचे मोल फार मोठे होते. “जागतिक दर्जाचे संशोधन करा” असे सांगितले की प्रत्येक जण त्याचा आपापला अर्थ लावतो. सेकंदाला एक अब्ज गणिते होतात की नाही, हे मात्र मोजता येते आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

त्याहून महत्त्वाचा निर्णय होता, तो काय बनवायचे नाही याचा. क्रेसारखा एकच अतिवेगवान प्रोसेसर घडवण्याच्या फंदात सी-डॅक पडले नाही. इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे प्रोसेसर बाजारात मिळत होते. एकेका ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या असत. असे अनेक प्रोसेसर जोडायचे, एक मोठे गणित त्यांच्यात वाटून द्यायचे आणि उत्तरे पुन्हा एकत्र करायची, ही समांतर संगणनाची पद्धत पुण्याच्या टीमने निवडली. सगळी बुद्धी दोनच ठिकाणी खर्च करायची होती : जोडणी आणि सॉफ्टवेअर. १९९० साली झुरिकच्या महासंगणक प्रदर्शनात नमुना यंत्र दाखवले गेले आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. मॉस्कोतल्या एका संशोधन संस्थेतही तो बसवला गेला.

या निर्णयाची खरी परीक्षा त्यानंतर झाली. इनमॉसचा पुढच्या पिढीचा ट्रान्सप्युटर रखडला आणि ती मालिकाच मागे पडली. एका पुरवठादाराच्या चिपवर सगळा संसार मांडलेल्या कोणत्याही टीमला असा धक्का झेपत नाही. सी-डॅकने ‘परम ८६००’ मध्ये इंटेलचा आय-८६० प्रोसेसर घेतला आणि ‘परम ९०००’ मध्ये स्पार्क. चिप बदलत गेली, पण अनेक प्रोसेसर एकत्र कसे नांदवायचे हे ज्ञान चिपमध्ये नव्हतेच. ते माणसांच्या डोक्यात आणि ‘पारस’ या प्रोग्रॅमिंगच्या व्यवस्थेत होते. १९९८ मध्ये आलेला ‘परम १००००’ पहिल्या यंत्राच्या सुमारे शंभरपट वेगाचा होता.

त्याच काळात देशात आणखी काही टीम याच वाटेवर होत्या. बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचा ‘फ्लोसॉल्व्हर’, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘अनुपम’ आणि हैदराबादला संरक्षण संशोधन संस्थेचा ‘पेस’ ही त्यांची यंत्रे. एकाच उद्दिष्टावर चार-पाच ठिकाणी सरकारी पैसा घालणे ही उधळपट्टी वाटू शकते. ज्या विषयात कोणालाच वाट ठाऊक नसते, तिथे ती उधळपट्टी ठरत नाही.

सी-डॅकच्या छपराखाली आणखी एक लहान टीम होती आणि मराठी माणसाच्या रोजच्या जगण्यावर तिचा ठसा ‘परम’पेक्षा खोल आहे. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम १९८०च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत चालले होते. १९८८ मध्ये ते मोहन तांबे यांच्यासह पुण्यात आले आणि ‘जिस्ट’ या नावाने वाढले. साध्या संगणकात एक कार्ड बसवायचे आणि पडद्यावर देवनागरी उमटायची, अशी ती सोय होती. याच कामातून भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे सांकेतिक मानक पुढे आले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ते स्वीकारले. युनिकोडमध्ये देवनागरीची जी मांडणी आहे, ती इस्कीच्या १९८८च्या आवृत्तीवरूनच घेतलेली आहे. मोबाइलवर आज मराठी संदेश पाठवताना प्रत्येक अक्षराला जो क्रमांक लागतो, त्याचे मूळ तिथे सापडते. व्यवस्थापनाच्या दृष्टीने इथे लक्षात ठेवण्याजोगे हे, की तंत्रज्ञानाचे स्थलांतर कागदपत्रांच्या गठ्ठ्यांवर भागवले गेले नाही. काम करणारी माणसे त्याच्यासोबत आली.

माणसे तयार करणे, आणि ती जाऊ देणे

सी-डॅकच्याही तीसेक वर्षे आधी मुंबईत अशीच एक टीम उभी राहिली होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन १९५४ मध्ये रुजू झाले आणि त्यांच्या गटाने १९५६ मध्ये संगणकाचे नमुना यंत्र आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र चालू केले. पंडित नेहरूंच्या हस्ते १९६२ मध्ये त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. गटातली बहुतेक मुले भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली होती आणि त्यांनी संगणक डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. यंत्राचे आयुष्य अवघ्या काही वर्षांचे निघाले, कारण मोठा आयात संगणक लवकरच आला. पण त्या संस्थेत रुजलेल्या सॉफ्टवेअरच्या कामातूनच पुढे १९८५ मध्ये जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र निघाले, एस. रमणी यांच्या नेतृत्वाखाली. २००३ मध्ये ते सी-डॅकमध्ये विलीन झाले. भटकरांच्या जुन्या तिरुअनंतपुरमच्या संस्थेचेही त्याच सुमारास तेच झाले.

कोरी माणसे घेऊन त्यांना घडवायचे, तर शिकवण्याची व्यवस्था लागते. सी-डॅकने १९९३ मध्ये प्रगत संगणन प्रशिक्षण शाळा, म्हणजे ‘अ‍ॅक्ट्स’, सुरू केली. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या मुलामुलींसाठी सुमारे सहा महिन्यांचा, दिवसभर घासून घेणारा अभ्यासक्रम तिथे चालतो. तिथून बाहेर पडणारी बहुतेक मुले खासगी कंपन्यांत जातात. एखाद्या हिशेबी अधिकाऱ्याला हा तोटा वाटेल : शिकवायचे आपण आणि कामाला लावायचे दुसऱ्याने. सी-डॅकने गळती हेच आपले काम मानले. शिकून बाहेर पडलेली माणसे पुण्यातल्या संगणक उद्योगात पसरली आणि पुढच्या प्रकल्पांना हवा असलेला मनुष्यबळाचा साठा त्यातून तयार झाला.

लहान गावांत हा प्रश्न अधिक बोचतो. १९८३ साली वसंतदादा पाटील सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि शिर्डीच्या आसपास लोणी आणि कोपरगाव इथली अभियांत्रिकी महाविद्यालये त्याच लाटेत उभी राहिली. राहाता आणि कोपरगाव तालुक्यांत संगणक अभियंते तयार होतात, हे आता नवल राहिलेले नाही. ते तिथे राहत नाहीत, ही खरी अडचण आहे. पुणे चार-पाच तासांवर आहे आणि पगाराचा फरक मोठा. अशा ठिकाणी टीम टिकवायची तर पगाराखेरीज तीन गोष्टी हाती असतात : काम शिकण्याजोगे असणे, निर्णयात वाटा असणे आणि आपण केलेले काम डोळ्यांसमोर चालताना दिसणे. तिसऱ्या बाबतीत शिर्डीसारखे गाव पुण्यावर मात करते. हिंजवडीत बसून परदेशी विमा कंपनीचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्याचा वापर करणारा माणूस आयुष्यात भेटत नाही. इथे तो दाराबाहेर रांगेतच उभा असतो.

तरीही दोन-तीन वर्षांनी काही जण जाणारच. ते गृहीत धरून काम लावणे हेच प्रमुखाचे काम आहे. एखादी गोष्ट एकाच माणसाला येत असेल तर तो रजेवर गेल्यावर सगळे अडते, आणि नोकरी सोडून गेला तर विचारायलाच नको. म्हणून चांगल्या टीममध्ये एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही. याला ‘कोड रिव्ह्यू’ म्हणतात. त्यात चुका सापडतात, पण मोठा फायदा हा, की प्रत्येक गोष्ट निदान दोघांना ठाऊक होते. नव्या मुलीने पहिल्याच आठवड्यात एखादा लहान बदल करून तो प्रत्यक्ष चालू यंत्रणेत पोचवावा, असा कित्येक ठिकाणी रिवाज आहे. तिला तो करता आला नाही, तर उणीव टीमच्या कागदपत्रांत असते.

वाईट बातमी वर कशी पोचते

अ‍ॅमी एडमंडसन या हार्वर्डच्या संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. ज्या गटात मेळ चांगला तिथे औषधे देण्यातल्या चुका कमी, असे उत्तर तिला अपेक्षित होते. आकडे उलट आले : चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर कारण कळले. तिथे चुका जास्त होत होत्या असे नाही, त्या सांगितल्या जात होत्या. धाक असलेल्या वॉर्डात त्या दडवल्या जात होत्या. चूक कबूल केली किंवा अडाणी प्रश्न विचारला तरी अपमान होणार नाही, या विश्वासाबद्दल तिने १९९९ साली सविस्तर निबंध लिहिला. पुढे गूगलने आपल्या १८० हून अधिक टीम तपासल्या तेव्हाही कोण किती हुशार आहे यापेक्षा हाच विश्वास वरचढ ठरला.

नोंदणीच्या यंत्रणेत हे कसे उतरते, ते एका नेहमीच्या बिघाडावरून दिसते. उत्सवाची नोंदणी उघडते. नांदेडचा एक भाविक खोलीचे पैसे भरतो. खात्यातून रक्कम कापली जाते, पण बँकेचा निरोप यायला उशीर लागतो आणि पडद्यावर चाक फिरत राहते. तो वैतागून पुन्हा बटण दाबतो. दुसऱ्यांदा पैसे कापले जातात आणि पावती एकही येत नाही. सकाळपर्यंत अशा तक्रारींचा ढीग साचतो.

“हे कोणी केले?” या प्रश्नाने सुरू होणाऱ्या बैठकीत सगळ्यांच्या माना खाली जातात आणि शेवटी एका कनिष्ठ मुलाचे नाव पुढे येते. “बँकेचा निरोप उशिरा येईल हे यंत्रणेने धरलेच का नव्हते?” असे विचारले, तर वेगळीच माहिती बाहेर पडते. टेस्टरने हा प्रसंग महिन्यापूर्वी नोंदवलेला होता, घाईत तो मागे ठेवला गेला, आणि मागे ठेवण्याचा निर्णय वरूनच आला होता. मग दुरुस्तीही नेमकी होते. पैसे मागण्याआधीच प्रत्येक नोंदणीला एक कायमचा क्रमांक द्यायचा. त्याच क्रमांकावर दुसऱ्यांदा बटण दाबले तर नवा व्यवहार होऊ द्यायचा नाही. बँकेचा निरोप आला नाही तर त्या क्रमांकावर आपणच चौकशी करायची, आणि रोज रात्री बँकेच्या यादीशी ताळमेळ लावून अडकलेले पैसे परत करायचे. बिघाडानंतर अशी दोषारोपरहित चौकशी लिहून ठेवण्याची पद्धत मोठ्या कंपन्यांत रुळलेली आहे. सरकारी आणि सहकारी संस्थांत ती रुजणे जास्त कठीण, कारण तिथे चौकशी म्हटले की लोकांना निलंबनच आठवते.

तारीख आधीपासून ठाऊक असलेल्या गर्दीला सामोरे जाण्याची तयारी मात्र फारशी अवघड नाही. उत्सवाच्या महिनाभर आधी खोटी गर्दी निर्माण करून यंत्रणा कुठे कोलमडते ते पाहायचे. शेवटच्या आठवड्यात प्रोग्रॅममधले सगळे बदल बंद ठेवायचे, व्यवस्थापनाने कितीही गळ घातली तरी. रात्रपाळीचे वेळापत्रक लावायचे, आणि त्यात टीम लीडचेही नाव घालायचे. शेवटच्या या गोष्टीने टीमच्या मनात जे निर्माण होते, ते दहा भाषणांनी होत नाही.

चांगला अभियंता आणि चांगला प्रमुख

भारतीय संगणक उद्योगाची एक जुनी खोड आहे. पाच-सहा वर्षे उत्तम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बढती म्हणून प्रमुख करायचे. त्यातून एक चांगला अभियंता हातचा जातो आणि चांगला प्रमुख मिळतोच असे नाही. दोन्ही कामे वेगळ्या जातीची आहेत. अभियंत्याचा दिवस सलग लागतो. प्रमुखाचा दिवस तुकड्या-तुकड्यांचा असतो : कोणाचे अडले आहे, कोण दोन आठवडे गप्प आहे, कोणत्या मागणीला नाही म्हणायचे. शहाण्या संस्था म्हणून बढतीच्या दोन शिड्या ठेवतात. माणसे सांभाळायची नसलेल्या अभियंत्यालाही पगार आणि मान वाढवत वरपर्यंत जाता येते. आपल्याकडे ही दुसरी शिडी कागदावर बऱ्याच ठिकाणी असते, पण लग्नाच्या बाजारात “हाताखाली किती माणसं?” असाच प्रश्न येतो.

कामाचे मोजमाप हाही प्रमुखाच्या वाट्याचा विषय. लिहिलेल्या ओळी किंवा कार्यालयात बसलेले तास मोजले की ओळी आणि तासच वाढतात. निकोल फोर्सग्रेन आणि सहकाऱ्यांनी २०१८च्या पुस्तकात चार मोजमापे सुचवली : बदल किती वेळा प्रत्यक्ष वापरात जातो, लिहिल्यापासून तिथे पोचायला किती वेळ लागतो, त्यातले किती बदल बिघाड करतात आणि बिघाड दुरुस्त व्हायला किती वेळ जातो. चारही टीमची आहेत, एकही व्यक्तीचे नाही.

छतावरच्या ७३ तबकड्या

टीमचा विचार बहुधा यंत्र बनवणाऱ्यांपुरता होतो. ते वर्षानुवर्षे चालवणाऱ्यांची दखल कमी घेतली जाते. शिर्डीच्या साई प्रसादालयाच्या छतावर २००९ पासून सौरऊर्जेवर वाफ तयार करणारी यंत्रणा आहे. वोल्फगांग शेफलर या संशोधकाच्या पद्धतीच्या, प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ तबकड्या तिथे बसवल्या आहेत. खर्च सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये झाला आणि त्यातले ५८ लाखांहून अधिक केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने अनुदान म्हणून दिले. तबकड्यांतले आरसे ऊन एका ठिकाणी एकवटतात, तिथे पाण्याची वाफ होते आणि ती नळ्यांतून खालच्या भात-डाळीच्या मोठ्या भांड्यांपर्यंत जाते. ढगाळ दिवसांसाठी गॅसवरचा बॉयलर जोडीला आहेच.

उद्घाटनाच्या छायाचित्रात आरसे चमकतात, पण कोपरगाव-राहात्याकडची धूळ त्यांवर रोज बसते. पुसला नाही तर आरसा ऊन नीट परतवत नाही. सूर्य दिवसभर सरकतो, म्हणून तबकड्या त्याच्यामागे फिरत्या ठेवाव्या लागतात, आणि ऋतूप्रमाणे सूर्याची वाट बदलली की तबकडीचा कल आणि बाकही बदलावा लागतो. व्हॉल्व्ह गळतात, पाण्यातले क्षार नळ्यांत बसतात. हे सगळे जाणणारा फिटर, वाफ कधी कमी पडते हे भांड्याच्या आवाजावरून ओळखणारा आचारी आणि गॅसवर कधी जायचे ते ठरवणारा पर्यवेक्षक मिळून खरी तंत्रज्ञानाची टीम होते. त्यांच्या पदनामात ‘तंत्रज्ञान’ हा शब्द नसला तरी.

देवस्थान, साखर कारखाना, पतसंस्था, नगरपरिषद अशा संस्थांकडे तंत्रज्ञान येते ते निविदेच्या वाटेने. निविदेत संगणकांची संख्या, हमीची वर्षे आणि दंडाची कलमे काटेकोर असतात. करार संपल्यावर यंत्रणा कोणाला कळते, हे कलम बहुधा नसते. पुरवठादार बदलला की नवा येऊन सगळे पहिल्यापासून लिहितो आणि संस्था त्याच गोष्टीचे दुसऱ्यांदा पैसे मोजते. प्रोग्रॅमची मूळ प्रत आणि कागदपत्रे संस्थेच्या ताब्यात असणे, पुरवठादाराच्या माणसांबरोबर संस्थेचे निदान दोन-तीन कायम कर्मचारी पहिल्या दिवसापासून बसणे आणि जाताना शिकवून जाण्यासाठी काही रक्कम राखून ठेवणे, एवढ्या अटी निविदेत घातल्या तरी बरेच साधेल. बाहेरची कंपनी नेमण्यात गैर काहीच नाही. तिच्या कामाचे बरेवाईट ओळखणारे मात्र आपले लागतात.

प्रमुख गेल्यावर

नेतृत्वाची शेवटची कसोटी प्रमुख निघून गेल्यानंतर लागते आणि या बाबतीत पुण्याच्याच दोन कहाण्या शेजारी ठेवता येतात. टाटा समूहाच्या पुण्यातल्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने बसवलेला ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथ्या क्रमांकावर आला. भारतातल्या कोणत्याही यंत्राला तोवर इतका वरचा क्रमांक मिळाला नव्हता. यादीत पुढची यंत्रे येत गेली, तसा त्याचा क्रमांक घसरला आणि २०१२ मध्ये ती कंपनी टीसीएसने विकत घेतली.

सी-डॅकला असा चौथा क्रमांक कधी मिळाला नाही. ‘परम १००००’ नंतर भटकर तिथून बाहेर पडले. त्यांच्यामागे उभा राहिलेला ‘परम पद्म’ जून २००३ च्या यादीत १७१ वा होता. केंद्र सरकारने २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन मोहीम जाहीर केली. तिच्यातला पहिला ‘परम शिवाय’ फेब्रुवारी २०१९ मध्ये वाराणसीच्या आयआयटीत सुरू झाला. २०२० मध्ये ‘परम सिद्धी’ ६३ व्या क्रमांकावर आला आणि २०२३ मध्ये ‘ऐरावत’ ७५ व्या. शेवटची दोन यंत्रे पुण्यातच आहेत, सी-डॅकमध्ये.